ऑस्कर रॉबर्टसन: ट्रिपल-डबलवाला आणि त्याची कोर्टातली केस

नोकरी बदलताना नोटीस पिरियड ९० दिवसांचा निघाला की आमच्या आयटीवाल्यांचा जीव जातो. आता कल्पना करा, करार संपलाय, तरी दुसऱ्या कंपनीत जायची परवानगीच नाही. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये अनेक वर्षं असंच चालायचं. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क टीमकडेच. याविरुद्ध कोर्टात गेलेल्या ऑस्कर रॉबर्टसनची ही गोष्ट.

ऑस्करचा जन्म १९३८ चा. वाढला इंडियानापोलिस शहरात, गरिबीत. बॉल परवडायचा नाही, म्हणून चिंध्या रबरबँडने बांधून तो टोपलीत टाकत बसायचा. त्याची क्रिस्पस अ‍ॅटक्स ही शाळा कृष्णवर्णीय मुलांची. १९५५ मध्ये या शाळेने इंडियाना राज्याची स्पर्धा जिंकली. पोरं फायर ब्रिगेडच्या गाडीवर चढली. पण गाडीने शहराच्या मुख्य चौकाला एक फेरी मारली आणि जल्लोषासाठी त्यांना थेट कृष्णवर्णीय वस्तीतल्या पार्कात नेलं. हे ऑस्कर कधीच विसरला नाही.

पुढे सिनसिनाटी विद्यापीठ, १९६० च्या रोम ऑलिंपिकचं सुवर्णपदक आणि मग एनबीएतली सिनसिनाटी रॉयल्स. ही टीम त्याने निवडली नव्हती बरं का! आसपासच्या कॉलेजच्या खेळाडूवर स्थानिक टीम आधीच हक्क सांगू शकायची, असा तेव्हा नियमच होता.

खेळ मात्र अफाट. १९६१-६२ च्या सीझनची त्याची सरासरी बघा: मॅचमागे ३०.८ पॉइंट, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट. तिन्ही आकडे दोन अंकी, म्हणजे ट्रिपल-डबल, तेही अख्ख्या सीझनच्या सरासरीत! हे पुन्हा जमायला २०१७ उजाडलं. जमवलं रसेल वेस्टब्रुकने.

आता मुद्द्याचं. १९६५ पासून ऑस्कर खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. १९६७ मध्ये एबीए नावाची दुसरी लीग सुरू झाली. खेळाडूंसाठी दोन गिऱ्हाईकं झाली आणि पगार वाढले. मग मालकांनी ठरवलं, दोन्ही लीग एकत्र करू. म्हणजे परत एकच दुकान, सांगतील तो भाव. एप्रिल १९७० मध्ये ऑस्कर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खटला भरला आणि विलीनीकरण अडलं.

त्याच महिन्यात रॉयल्सने त्याला मिलवॉकी बक्सला देऊन टाकलं. तिथे त्याच्या जोडीला होता ल्यू अल्सिंडर, म्हणजे आपल्याला माहीत असलेला करीम अब्दुल-जब्बार. १९७१ मध्ये दोघांनी बक्सला चॅम्पियन केलं. ऑस्करचं एनबीएतलं हे एकमेव विजेतेपद.

१९७४ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा केस चालूच होती. तडजोड झाली १९७६ मध्ये. एबीएच्या चार टीम एनबीएत आल्या आणि बदल्यात करार संपलेल्या खेळाडूला इतर टीमशी बोलायची वाट मिळाली. जुनी टीम तेवढेच पैसे देऊन त्याला अडवू शकायची, पण सुरुवात झाली होती. अटी पाळणाऱ्या खेळाडूंना पूर्ण मोकळीक १९८८ पासून मिळू लागली.

२०१० मध्ये लेब्रॉन जेम्सने टीव्हीवर बसून सांगितलं की मी मायामीला चाललो. तो हक्क ज्याच्या नावाच्या केसमुळे आला, त्या ऑस्करला स्वतःला तो एकदाही वापरता आला नाही.