गुन्ह्याचा तमाशा: ‘शिकागो’ आणि ‘घाशीराम कोतवाल’

‘घाशीराम कोतवाल’ शिकवताना अमरावतीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो: घाशीरामला कोणी मारले? उत्तरे साधारण दोन येतात. नानाने, किंवा जमावाने. ‘आपण’ असे उत्तर आजवर एकाही विद्यार्थ्याने दिलेले नाही. नाटकाची रचना मात्र आपल्याला नेमकी त्याच उत्तरापाशी नेऊन सोडते. ही रचना नीट उलगडण्यासाठी मला एका दूरच्या संगीतिकेची मदत होते.

शिकागो शहरात १९२४ साली ब्यूला अॅनन आणि बेल्व्हा गार्टनर या दोन स्त्रियांवर पुरुषांच्या खुनाचे खटले चालले. ‘शिकागो ट्रिब्यून’ची वार्ताहर मॉरीन वॉटकिन्स त्यांची वार्तापत्रे लिहीत होती. आरोपींचे कपडे, त्यांचे रूप, त्यांचे हजरजबाबी बोलणे यांनी मजकूर रंगत गेला, आणि दोघीही निर्दोष सुटल्या. पुढे वॉटकिन्सने याच अनुभवावर १९२६ साली उपहासात्मक नाटक लिहिले. त्याची संगीतिका करण्याची परवानगी तिने हयातभर दिली नाही. ती १९६९ साली वारली. त्यानंतर हक्क मिळाले आणि जॉन कँडर, फ्रेड एब व बॉब फॉसी यांची ‘शिकागो’ १९७५ साली रंगमंचावर आली. तेव्हा ती अनेकांना फार कडवट वाटली. १९९६ साली तिचे पुनरुज्जीवन झाले, ते ओ. जे. सिम्पसनचा खटला अमेरिकेने घरोघरी दूरचित्रवाणीवर पाहिल्यानंतरच्या वर्षी. संगीतिका जवळजवळ तीच होती. तिच्यासाठी प्रेक्षक मात्र आता तयार झाला होता. तो प्रयोग पाव शतकाहून अधिक काळ चालला.

‘शिकागो’चे मर्म तिच्या कथानकापेक्षा तिच्या घाटात आहे. ती ‘व्हॉडव्हिल’च्या, म्हणजे नाच, गाणी, नकला यांच्या सुट्या करमणुकीच्या साच्यात रचलेली आहे. वकील न्यायालयात युक्तिवाद करतो तो खेळ करून दाखवावा तसा. प्रेक्षक टाळी वाजवतो आणि त्या क्षणी तोही जूरीत जाऊन बसलेला असतो. अशा प्रकाराला आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे: तमाशा. कोर्टाचा तमाशा झाला, असे आपण सहज म्हणतो. पण तमाशा पाहायला कोण जमले होते, हे विचारत नाही.

विजय तेंडुलकरांनी ते विचारले, आणि ‘शिकागो’च्या तीन वर्षे आधी. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी केला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. कलावंत बाहेर पडले, १९७३ साली थिएटर अॅकॅडमी स्थापन झाली आणि १९७४ च्या जानेवारीत प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० साली युरोपच्या दौऱ्यापूर्वीही विरोध झालाच. तरी नाटक तिथे गेले आणि गाजले.

मूळ घाशीराम सावळदास हा उत्तर पेशवाईतला पुण्याचा कोतवाल. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी वीसहून अधिक जण गुदमरून मेले आणि खवळलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचले. सात दशकांनी, १८६३ साली, मोरोबा कान्होबांनी त्याच्या नावाने पुस्तक लिहिले, आणि जुलमी अंमलासाठी ‘घाशीरामी’ हा शब्द मराठीत रुळला. गुन्हेगाराचे नाव उरले. त्याला कोतवाली देणाऱ्याचे नावही उरले, पण मुत्सद्दी म्हणून. प्रसिद्धीची ही वाटणी तेंडुलकरांना खुपली असावी.

म्हणून त्यांनी रंगमंचावर ब्राह्मणांची एक रांग उभी केली. ही माणसांची भिंत गाते, डोलते, देवाचे नाव घेते आणि तिच्याआड काय चालले आहे ते झाकते. बावन्नखणीची वाट कीर्तनाचे नाव पुढे करून चालली जाते. अभंगाचा ठेका पाहता पाहता लावणीत उतरतो. प्रेक्षक ज्या सुरांवर मान डोलावतो, त्याच सुरांच्या आड गौरीचा सौदा होतो. संगीत इथे केवळ सजावट म्हणून येत नाही. गुन्हा सुसह्य करण्याचे ते साधन आहे. शेवटी हीच रांग घाशीरामचा जीव मागते, नाना तो सहज देऊन टाकतो, उत्सव जाहीर करतो, आणि भिंत पुन्हा नाचू लागते. नाटक ब्राह्मणविरोधी आहे की नाही, या वादात आपली बरीच शक्ती गेली. रांगेत उभे राहण्यासाठी जात लागत नाही, गाण्यात सूर मिसळला की पुरे, ही त्याहून अवघड गोष्ट त्या वादात बाजूला पडली.

‘शिकागो’तील आरोपी सुटतात, घाशीराम मारला जातो, पण दोन्हीकडे निकाल पुराव्यावर लागत नाही, गर्दीच्या रुचीवर लागतो.

वऱ्हाडात बसून हे नाटक वाचताना मला आणखी एक कीर्तन आठवते. गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, बालपण अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामांकडे गेले. त्यांच्या कीर्तनात श्रोत्याला नुसते डोलता येत नसे. बाबा वऱ्हाडीत प्रश्न विचारीत आणि उत्तर समोरच्यांनाच द्यावे लागे. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. कोतवालीच्या अंगणात झालेले हे कीर्तन आणि तेंडुलकरांच्या नाटकातले कीर्तन शेजारी ठेवून पाहावे. टाळ तोच, नामगजरही तोच. एक गर्दीची भिंत करतो, दुसरा त्याच गर्दीतून एकेका माणसाला वेगळे काढून बोलते करतो. म्हणजे दोष गाण्याचा नाही, ऐकणाऱ्याने स्वतःला दिलेल्या सुटीचा आहे.

अलीकडे खटला उभा राहण्याआधीच आरोपीचे छायाचित्र आपल्या हातातल्या पडद्यावर येते, त्यावर चित्रफिती आणि गाणीही येतात. आपण ती पुढे पाठवतो. वर्गातला माझा प्रश्न म्हणूनच मी बदललेला नाही. यंदा फक्त एक विनंती जोडणार आहे: उत्तर देण्याआधी विद्यार्थ्यांनी फळ्यासमोर एकदा रांगेत उभे राहून पाहावे, आणि मग सांगावे की मागे काय झाकले गेले.