माउली : नावाचा अर्थ, उगम आणि वापर

माउली हे मुलगा आणि मुलगी या दोघांनाही ठेवता येणारे मराठी नाव आहे. शब्दाचा मूळ अर्थ 'आई' असा आहे. मात्र महाराष्ट्रात नुसते 'माउली' म्हटले की बहुतेकांना आठवतात ते संत ज्ञानेश्वर. आषाढी वारीत तर बरोबर चालणारा प्रत्येक जण 'माउली' असतो. हाक म्हणून हा शब्द सर्वत्र ऐकू येतो. जन्मदाखल्यावरचे नाव म्हणून मात्र तो क्वचितच दिसतो.

थोडक्यात माहिती

- भाषा : मराठी
- अर्थ : आई, मायेने सांभाळणारी व्यक्ती
- कोणासाठी : मुलगा किंवा मुलगी
- उच्चार : मा-उ-ली, तीन अक्षरे
- संबंध : संत ज्ञानेश्वर, विठ्ठल, कोकणातील माउली देवी
- सारखे वाटणारे पण वेगळे नाव : मौली

शब्द कुठून आला?

संस्कृतमधील 'मातृ' या शब्दाचे प्राकृतात 'माउ' असे रूप झाले आणि त्याला मायेचा 'ली' लागून 'माउली' तयार झाला. हाच 'मातृ' शब्द 'मावशी' या नात्याच्या नावातही दडलेला आहे. 'आई' हे नाते सांगणारा शब्द आहे, तर 'माउली' त्या नात्यातील माया सांगतो. त्यामुळे जन्म न देताही कोणी माउली होऊ शकते. तहानलेल्याला पाणी देणाऱ्या अनोळखी बाईलाही मराठी माणूस सहज 'माउली' म्हणतो.

व्याकरणाच्या दृष्टीने हा शब्द स्त्रीलिंगी आहे. तो पुरुषाचे नाव कसा झाला, याचे उत्तर वारकरी परंपरेत आहे.

एकविशीतला संत 'आई' कसा झाला?

ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ सालचा मानला जातो. १२९० मध्ये त्यांनी नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली आणि १२९६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आळंदीला समाधी घेतली. म्हणजे ज्यांना सातशे वर्षे 'माउली' म्हटले जाते, ते प्रत्यक्षात एक अविवाहित तरुण होते. संस्कृत न जाणणाऱ्या माणसाला गीतेचा अर्थ त्याच्या भाषेत भरवणारा म्हणून ते आई, अशी वारकऱ्यांची भावना आहे.

या परंपरेत देवाचेही तसेच आहे. पंढरपूरचा विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुरुषदेव. पण भक्तांसाठी तो 'विठाई' आणि 'विठूमाउली'. दैवताला आणि संताला आई म्हणण्याची सवय इतकी मुरलेली असल्यामुळे पुढे एखाद्या मुलाचे नाव माउली ठेवताना कोणाला ते बायकी वाटले नाही.

लोणंदचा मुक्काम आणि सर्वांचे एकच नाव

हे नाव माणसांना कसे चिकटते, ते पाहायचे तर लोणंद ही चांगली जागा आहे. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील हे गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. पुणे-मिरज लोहमार्गावर ते स्थानकही आहे. ज्ञानेश्वरांची पालखी वाल्ह्याचा मुक्काम आटोपून नीरा नदीवर येते. तिथे पादुकांना स्नान घातले जाते आणि नदी ओलांडून सोहळा सातारा जिल्ह्यात शिरतो. या जिल्ह्यातला पहिला मुक्काम लोणंदला असतो. आज ज्या रूपात हा पालखी सोहळा चालतो, त्याची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी बसवली. तेही सातारा जिल्ह्यातील आरफळचेच.

मुक्कामाच्या गावात पाणी, जेवण, जागा यांसाठी अनोळखी माणसांना एकमेकांशी सतत बोलावे लागते. कोणाचे नाव, गाव किंवा जात विचारत बसायला वेळ नसतो. तिथे 'माउली' हा एक शब्द सगळी कामे करतो. 'माउली, जरा सरका', 'माउली, चहा घ्या', 'चला माउली'. समोर म्हातारा असो, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेली बाई असो की बंदोबस्तावरचा पोलीस, हाक तीच असते. वयाने मोठा वारकरीही लहानाच्या पाया पडतो, कारण नमस्कार त्याच्यातल्या माउलीला असतो.

लोणंद सोडून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब येथे सोहळ्यातले पहिले उभे रिंगण होते. वारकऱ्यांच्या रांगांमधून दोन अश्व धावतात. त्यांतल्या एकावर स्वार नसतो. त्यावर स्वतः माउली बसलेले असतात, अशी श्रद्धा आहे. त्या वेळी होणाऱ्या गजरातही 'माउली, माउली' हाच शब्द असतो. म्हणजे एकाच दिवसात, एकाच रस्त्यावर, हा शब्द संताचेही नाव असतो आणि शेजारी चालणाऱ्या माणसाचेही.

व्यक्तिनाम म्हणून वापर

'माउली' नाव ऐकू येते ते बहुधा दोन प्रकारे. पहिला प्रकार टोपणनावाचा. कागदोपत्री ज्ञानेश्वर असलेल्या अनेकांना घरी आणि गावात माउली म्हणतात. दुसरा प्रकार प्रत्यक्ष नाव ठेवण्याचा. वारकरी घरांत हे नाव आढळते आणि ते पुरुषांत अधिक दिसते. पैलवान माउली जमदाडे हे कुस्तीशौकिनांच्या ओळखीचे नाव आहे.

चित्रपटांनीही हे नाव पुरुषाचे म्हणून लोकांसमोर आणले. २०१४ च्या 'लय भारी'मध्ये रितेश देशमुख यांनी माउली नावाच्या नायकाची भूमिका केली. २०१८ मध्ये आलेल्या त्यांच्या आणखी एका चित्रपटाचे नावच 'माउली' होते. आईचा शब्द मारधाड करणाऱ्या नायकाला दिला गेला आणि प्रेक्षकांना त्यात काही विसंगत वाटले नाही.

कोकणात मात्र चित्र उलटे आहे. तिथे माउली ही ग्रामदेवता आहे. सावंतवाडी तालुक्यातील सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा प्रसिद्ध आहे. त्यामुळे तिथल्या माणसाच्या मनात 'माउली' म्हटल्यावर प्रथम देवीची मूर्ती येते. घाटावर संत आणि तळकोकणात देवी, अशा दोन बाजूंनी हे नाव मुलगा आणि मुलगी दोघांपर्यंत पोहोचते.

मुलगा की मुलगी, हे कसे कळते?

किरण, शशी यांसारखी दोघांना चालणारी नावे मराठीत आहेत. 'कृष्णा' हे मुलाचे नाव देवावरून येते आणि मुलीचे नदीवरून. पूर्वी अशा नावांना 'राव' किंवा 'बाई' जोडून फरक केला जाई. माउलीला अशी जोड सहसा लागत नाही.

नावापुढे वडिलांचे नाव आणि आडनाव लिहिले तरी फरक कळत नाही. 'माउलीचा डबा', 'माउलीची वही' यांतूनही काही समजत नाही. क्रियापद आले की उलगडा होतो : 'माउली आला' म्हणजे मुलगा, 'माउली आली' म्हणजे मुलगी आणि 'माउली आले' म्हणजे आदरार्थी, बहुधा ज्ञानेश्वर.

त्याच जिल्ह्यातले दुसरे नाव

नाव ठेवताना मुलगा की मुलगी याला किती वजन असते, याचा कडू दाखला सातारा जिल्ह्यानेच दिला आहे. मुलाची वाट पाहणाऱ्या काही घरांत पुन्हा मुलगी झाली की तिचे नाव 'नकुशा' किंवा 'नकोशी' ठेवत. असे केल्याने पुढचा मुलगा होतो, असा समज होता. जुन्या काळी मुलांनाही धोंडू, दगडू अशी ओबडधोबड नावे देत. पण ती मूल वाचावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून. नकुशाचा हेतू उलटा होता.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा येथे जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या कार्यक्रमात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो लोक एकमेकांना 'माउली' म्हणत जातात, तिथल्याच घरांत ही नावे होती. रस्त्यावर परक्या मुलीला मिळणारा मान घरच्या मुलीला मिळतोच असे नाही, हे या दोन नावांतून दिसते.

माउली की माऊली? आणि मौली?

मराठी शुद्धलेखनानुसार शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीचा उकार ऱ्हस्व लिहितात. म्हणून 'माउली' हे रूप बरोबर. दुकानांच्या पाट्यांवर आणि वाहनांवर 'माऊली' सर्रास दिसते.

'मौली' हा वेगळा शब्द आहे. तो संस्कृत 'मौलि' म्हणजे मस्तक किंवा मुकुट यावरून आला आहे. 'चंद्रमौली' हे शंकराचे नाव त्यातूनच बनले. हिंदीत पूजेच्या लाल धाग्यालाही मौली म्हणतात. २००७ च्या 'सा रे ग म प चॅलेंज'मधून पुढे आलेल्या गायिकेचे नाव मौली दवे आहे. रोमन लिपीत माउली आणि मौली बहुधा सारखेच लिहिले जातात. त्यामुळे परराज्यात माउलीचा मौली होण्याची शक्यता असते. साताऱ्याजवळचे क्षेत्र माहुली हे तर गावाचे नाव आहे. त्याचा या नावाशी गोंधळ करू नये.

नाव ठेवताना

जन्मनोंदणीच्या वेळी बाळाचे नाव ठरलेले नसेल तर ते बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय नोंदवता येते. माउली नाव ठेवायचे असल्यास दाखला, आधार आणि शाळेचा अर्ज या तिन्हींवर एकच लेखन ठेवावे आणि लिंगाचा रकाना नीट तपासून घ्यावा, कारण नावावरून कारकुनाला अंदाज बांधता येत नाही.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. त्यामुळे आज जन्मलेल्या माउलीच्या नावापाठोपाठ तिच्या किंवा त्याच्या आईचेही नाव कागदावर येते.