उताणे की पालथे?

तान्ह्या मुलाच्या पहिल्या पराक्रमाला आपल्या घराघरांत एक साधे नाव आहे : बाळ पालथे पडले! चौथ्या महिन्याच्या आगेमागे हा पराक्रम घडतो. आजोळी निरोप जातो, आत्या-मावश्या कौतुकाला जमतात, आणि त्याच रात्रीपासून आईची झोप मात्र उडते. मूल झोपेत पालथे झाले तर काय करावे? प्रश्न घरगुती खरा; पण त्यालाही इतिहास आहे. तो वाचताना मला वारंवार कोयनानगर आठवते.

कोयनानगरच का, असे वाचक विचारतील. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातली ही वसाहत कोयनेच्या धरणापायी उभी राहिली. दख्खनचे पठार म्हणजे काळ्या कातळाची अढळ भूमी; येथे मोठा भूकंप व्हायचा नाही, अशी त्या काळच्या जाणकारांची समजूत होती. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे सव्वाचारनंतर, माणसे गाढ झोपेत असताना, त्या समजुतीखालची जमीन हादरली. 150 हून अधिक जीव गेले. वसाहतीतील बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. देशाचा भूकंपक्षेत्रांचा नकाशा 1970 साली बदलला, तो या धक्क्यानंतरच.

अगदी अशीच एक समजूत विसाव्या शतकात पाळण्याभोवती रुजली. अमेरिकेतील डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील पुस्तक 1946 साली निघाले आणि घरोघर पोचले. पन्नाशीच्या दशकातील आवृत्तीत त्यांनी मुलाला पालथे निजवावे असा कौल दिला. कारण ऐकायला पटण्याजोगे होते : उताण्या मुलाला ओकारी झाली तर त्याचा श्वास कोंडेल. इस्पितळांतही अपुऱ्या दिवसांची मुले पालथी ठेवीत. तेच वळण मग धडधाकट मुलांच्या घरी गेले.

वास्तविक शरीराची रचना याच्या उलट साक्ष देते. मूल उताणे असले म्हणजे श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली राहते. वर आलेले दूध पुन्हा खालीच उतरते. मूल पालथे असले की हा क्रम उलटा होतो. शिवाय नाक अंथरुणात रुतले, तर सोडलेलीच हवा ते पुन्हा आत ओढते. न्यूयॉर्कच्या हॅरल्ड अब्रामसन यांनी पालथ्या झोपेतील धोक्याकडे 1944 सालीच बोट दाखविले होते. तरीही ब्रिटनमध्ये ‘उताणे निजवा’ ही मोहीम 1991 साली निघाली आणि अमेरिकेत 1994 साली. मोहिमांनंतर अशा अकस्मात मृत्यूंचे प्रमाण अमेरिकेत दहा वर्षांच्या आत जवळजवळ निम्म्यावर आले. लंडनच्या रूथ गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली जुने पुरावे तपासून काढले. त्यांचा निष्कर्ष असा, की 1970 पर्यंत हाती आलेला पुरावा वेळीच मानला असता, तर एकट्या ब्रिटनमध्ये 10,000 हून अधिक मुले वाचली असती.

असा उशीर का झाला? कोयनेच्या धक्क्याने एका पहाटे साऱ्यांना जागे केले. पाळण्यातले मृत्यू मात्र एका वेळी एकाच घरात होत. प्रत्येक घर आपले दुःख दैवावर घाली, आणि त्यांची बेरीज कोणी मांडीत नसे. बेरीज मांडली तेव्हाच कारण दिसले.

यावरून ‘आमच्या आज्यांचेच खरे’ असे म्हणून आपणही मिशीला पीळ देऊ नये. लुगड्याच्या झोळीत मूल उताणे राही हे खरे. पण कुशीवर वळू लागलेल्या मुलाचे तोंड त्याच झोळीच्या कापडात दबू शकते. मोहरीची उशी आणि मऊ गोधडी यांनाही तोच दोष लागतो.

तेव्हा आजचे शास्त्र काय सांगते? पहिल्या वाढदिवसापर्यंत, रात्री असो वा दुपारी, मुलाला दर वेळी उताणेच निजवावे. ते आपणहून दोन्ही बाजूंना वळू लागले, की झोपेत पालथे झाले तरी रात्रभर उठून त्याला उलटे करीत बसण्याचे कारण नाही. मात्र वळण्याची पहिली खूण दिसताच दुपट्यात बांधून ठेवणे बंद करावे. अंथरूण सपाट आणि घट्ट असावे. त्यावर उशी, खेळणी, सैल पांघरूण काही नको. जागा आपल्याच खोलीत, पण वेगळी असावी. पालथे खेळणे जागेपणी, कोणाच्या तरी नजरेखाली, अवश्य होऊ द्यावे.

आणखी एक गोष्ट. उताणे झोपण्याची सवय असलेले मूल कोणी एखादे दिवशी पालथे निजवले, तर धोका अधिकच वाढतो. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेले असते. बाळाला कधी आत्या निजवते, कधी आजोबा. फराळाचे ताट पुढे करतानाच त्या सर्वांना एवढे सांगून ठेवावे : आमचे बाळ उताणे निजते.