कपाशीच्या मुलखातील शिवणाचा डबा

वऱ्हाडातील जुन्या घरांत शिवणाचा डबा मुद्दाम विकत आणलेला नसे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा झाला, की त्यात सुया, कात्री, अंगुस्तान, हूक, सुटी बटणे आणि दोऱ्याची रिळे येऊन बसत. घरातील दागिन्यांची यादी होते, शेतीचा सातबारा जपून ठेवला जातो; या डब्याची मात्र कोठेही नोंद नसते. तरीही कापसाचा आणि आपल्या माताभगिनींच्या श्रमांचा इतिहास वाचावयाचा असेल, तर हा डबा उघडावाच लागेल.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज हे गाव उदाहरणादाखल घेऊ. हा काळ्या मातीचा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या कापसावर जगला. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती सोपविला, त्यामागे या कापसाचे आकर्षण होतेच. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि साऱ्या व्यापाऱ्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. 1867 मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली. 1870 मध्ये लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या कापूसबाजारासाठी बांधलेल्या रेल्वे शाखेचे उद्घाटन केले. पुढे मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी, आपण प्रेमाने 'शकुंतला' म्हणतो ती छोटी गाडीही मुख्यतः कापसासाठीच धावू लागली. मँचेस्टरला बांधलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत चालत होते.

आता डब्यातील रिळाकडे वळू. सुती शिवणदोऱ्याचा जन्म स्कॉटलंडमधील पेस्ली या गावी झाला. तेथील विणकर काश्मिरी शालींच्या नकला विणीत. या शालींवरील बुट्टा म्हणजे आपली कोयरी. आज जगभर या नक्षीला त्या गावाच्याच नावाने ओळखतात. मागावर ताण्याचे धागे वर उचलण्यासाठी तेथे रेशमी दोरे लागत. नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे रेशीम मिळेनासे झाले, तेव्हा 1806 च्या सुमारास पॅट्रिक क्लार्क यांनी सुताला पीळ घालून तितकाच गुळगुळीत व बळकट दोरा तयार केला. हाच दोरा शिवणालाही उत्तम ठरला. आरंभी तो लडीने विकला जाई. पुढे तो लाकडी रिळावर गुंडाळून देऊ लागले. रिळासाठी अर्धा पेनी जादा घेत आणि रिकामे रीळ परत केल्यास तो परत देत. आपल्याकडे रिकामी रिळे परत करण्याचा प्रश्नच नव्हता. मुले त्यांची चाके करून गाड्या ओढीत.

1896 मध्ये क्लार्क आणि कोट्स ही पेस्लीची दोन्ही घराणी एकत्र आली. क्लार्क यांची नांगराची खूण 'अँकर' या नावाने भरतकामाच्या लड्यांवर आपल्या घराघरांत पोहोचली. भारतात मदुरेला 1892 मध्ये सुरू झालेल्या गिरणीचा धागा पुढे याच कोट्सशी जुळला आणि 1974 मध्ये 'मदुरा कोट्स' ही कंपनी उभी राहिली.

येथे एका प्रचलित समजुतीचा विचार केला पाहिजे. आपला कापूस बोटीने विलायतेला गेला आणि त्याचेच रीळ होऊन आपल्या डब्यात आले, असे आपण सहज म्हणतो. वस्तुस्थिती याहून अधिक बोचरी आहे. वऱ्हाडचा जुना कापूस आखूड धाग्याचा होता. लिव्हरपूलच्या बाजारात उमरावतीच्या नावाने तो विकला जाई. पण त्यातून जाडेभरडे सूतच निघे. शिवणयंत्राच्या वेगाला टिकणारा, सहा पदरी पिळाचा, बारीक दोरा काढावयाचा तर लांब धाग्याचा कापूस लागे आणि तो मिसर देशातून वा अमेरिकेच्या किनाऱ्यावरील बेटांतून येई. म्हणजे कपाशीच्या शेतात दिवसभर वेचणी करून आलेली माउली रात्री कंदिलाच्या उजेडात फाटके अंगरखे शिवी, तेव्हा तिच्या सुईत नाईल नदीकाठचा कापूस असे. तिने वेचलेल्या बोंडांतून तिच्या डब्यातले रीळ भरत नव्हते.

मग त्या डब्यात तिचे स्वतःचे असे काय होते? तिचा टाका होता. धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, काजाचा टाका हे ज्ञान कोणत्याही बोटीतून आले नाही. ते आईकडून मुलीकडे आले. धर्मभगिनींच्या शिवणवर्गांनी त्याला शिस्त दिली आणि अनेक विधवांना त्यावर पोट भरता आले. 1930 च्या दशकात कोलकात्यात 'उषा' यंत्राचा उद्योग सुरू झाला आणि देशी शिवणयंत्र हळूहळू घरांत आले. तरी डबा आपल्या जागी राहिलाच.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो नगरीतील ताबिथेची कथा येते. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती जमल्या आणि तिने शिवलेले झगे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिच्या सत्कृत्यांची साक्ष म्हणून त्यांच्याजवळ ती वस्त्रेच होती. आपल्या धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत बालकाचे, मातापित्यांचे आणि धर्ममातापित्यांचे नाव असते. त्या बालकाचे पांढरे वस्त्र रात्र जागून कोणी शिवले, हे तेथे लिहिण्याची सोय नाही. वेदीवरील वस्त्रांची किनार कोणी दुमडली, हेही आपण विचारीत नाही.

आज परिस्थिती उलटी झाली आहे. 1970 मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-4 हे संकरित वाण बाहेर पडले. त्यानंतरच्या वाणांमुळे आपल्या शेतांतही लांब धाग्याचा कापूस पिकू लागला. परंतु आता वाशीम जिल्ह्याच्या शिवारात सोयाबीनच अधिक दिसते आणि दुकानातील रिळावर बहुधा खनिज तेलापासून केलेला पॉलिएस्टरचा दोरा असतो. तो सहसा तुटत नाही, याबद्दल कृतज्ञ असावे. मात्र फाटलेला कपडा शिवण्याऐवजी टाकून देणे सोपे झाले आहे आणि त्याबरोबर डबेही घराबाहेर जात आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. घरातील जुना डबा टाकण्यापूर्वी तो वडीलधाऱ्या स्त्रीसमोर उघडावा. कोणते बटण कोणाच्या सदऱ्याचे, कोणता दोरा कोणाच्या लग्नाच्या वेळचा, कोणता टाका कोणी शिकविला, हे तिला विचारावे आणि ती सांगेल ते कागदावर उतरवून, खाली तिचे नाव व वर्ष घालून, तो कागद त्याच डब्यात ठेवावा. ही नोंद दुसरे कोणीही करणार नाही आणि सांगणारी व्यक्ती आपल्यात फार काळ असेलच असे नाही.