मिररलेस कॅमेरा घेताय? बॉडीआधी लेन्सचा हिशेब मांडा

तुळशीची लग्नं लागली की लगीनसराई सुरू होते आणि तालुक्यातल्या फोटोग्राफरला बसायला सवड राहत नाही. गेल्या काही वर्षांत या धंद्यात गावाकडची बरीच पोरं उतरली आहेत. कुणी ऊसबिलातून कॅमेरा घेतो, कुणी पतसंस्थेचं कर्ज काढतो, कुणी हप्त्यावर उचलतो. चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. सगळा पैसा बॉडीत जातो आणि लेन्स म्हणून डब्यात सोबत आलेलीच चालवली जाते. मग संध्याकाळची हळद असते, अंगणात दोन बल्ब असतात आणि फोटो हललेले येतात. हळद काही दुसऱ्या दिवशी पुन्हा लागत नाही. सुपारीचे पैसे अडकतात, गावात नाव जातं, हप्ता मात्र चालूच राहतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी लेन्स आणि बाकीच्या सामानाचा हिशेब घरीच करावा. तो कसा करायचा, त्याची ही माहिती.

आधी माउंट बघा

बॉडीला लेन्स जिथे बसते त्या कड्याला माउंट म्हणतात. बहुतेक कंपन्यांचा माउंट वेगळा असतो. मिररलेसमध्ये सोनीचा ई माउंट २०१० पासून आहे. निकॉनचा झेड आणि कॅननचा आरएफ हे दोन्ही २०१८ साली आले. फुजीफिल्मचा एक्स माउंट २०१२ चा. एकाची लेन्स दुसऱ्याला थेट बसत नाही. बॉडी दोन-चार वर्षांनी बदलते, पण लेन्स जमत जातात. त्यामुळे बॉडी निवडताना खरं तर पुढच्या दहा वर्षांच्या लेन्स निवडल्या जातात.

सिग्मा, टॅमरॉन या कंपन्यांच्या लेन्स तुलनेने स्वस्त पडतात. सोनीच्या ई माउंटसाठी त्यांची निवड सर्वांत मोठी आहे. निकॉन झेडसाठी काही मिळतात. कॅनन आरएफसाठी या दोघांच्या ऑटोफोकस लेन्स २०२४ पासून येऊ लागल्या, त्याही क्रॉप सेन्सरसाठीच्या. आपल्याला हवी ती लेन्स आपल्या माउंटमध्ये मिळते का, हे बॉडीचे पैसे देण्याआधी विचारावं.

एक सावधगिरी जुन्या बाजाराबद्दल. कॅननचे एम ५० सारखे ईएफ-एम माउंटचे कॅमेरे आजही सेकंडहँडमध्ये फिरतात. त्यांच्या लेन्स नव्या आरएफ बॉडीला अॅडॅप्टर लावूनही चालत नाहीत. म्हणजे पुढे बॉडी बदलली की लेन्सही विकाव्या लागतात.

घरात जुना डीएसएलआर असेल तर

जुन्या लेन्स लगेच विकू नका. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स कंपनीच्या अॅडॅप्टरने आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्स एफटीझेड अॅडॅप्टरने झेड बॉडीवर चालतात. पण निकॉनच्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. त्या या अॅडॅप्टरवर बसतात, फोकस मात्र हातानेच करावा लागतो. लग्नाच्या धावपळीत ते जमत नाही.

लेन्सवरचे आकडे कसे वाचायचे

लेन्सवर दोन आकडे महत्त्वाचे. पहिला मिमीमध्ये असतो. तो लहान असेल तर जास्त जागा मावते, मोठा असेल तर लांबचं जवळ दिसतं. ५५-२१० असे दोन आकडे असले तर ती झूम, ५० असा एकच असला तर तिला प्राइम म्हणतात. प्राइमला झूम नसतो, आपणच पुढे-मागे व्हायचं.

दुसरा आकडा एफचा, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचा. इथे हिशेब उलटा चालतो. आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. सोबत येणारी किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ किंवा ६.३ वर जाते. एफ ५.६ पेक्षा एफ २.८ ला चौपट उजेड आत येतो आणि एफ १.८ ला जवळपास साडेनऊ पट. ज्या अंधारात किट लेन्सवर १/१५ सेकंदाचा शटर लागतो आणि हलता माणूस पुसट येतो, तिथेच एफ १.८ च्या लेन्सवर १/१२५ च्या वर शटर मिळतो. बॉडी तीच, फोटो मात्र स्थिर.

फुल फ्रेम की क्रॉप

फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिमी असतो. कमी किमतीच्या बहुतेक बॉडीत त्यापेक्षा लहान, एपीएस-सी सेन्सर असतो. त्यालाच बोलीत क्रॉप म्हणतात. क्रॉपवर लेन्सचा आकडा १.५ ने गुणायचा, कॅननला १.६ ने. म्हणजे ५० मिमीची लेन्स क्रॉपवर ७५ ते ८० मिमीसारखी दिसते.

हे का कळायला हवं? कारण दुकानदार, मित्र, व्हिडिओवाले सगळे एकच सांगतात, '५० घे'. मोकळ्या रानात एकट्या नवरीचा फोटो काढायला ती उत्तमच. पण दहा बाय बाराच्या खोलीत क्रॉप बॉडीवर ५० लावली की पाठ भिंतीला टेकते आणि चौघंही फ्रेममध्ये मावत नाहीत. क्रॉप असेल तर पहिली प्राइम ३० किंवा ३५ मिमीच्या आसपासची घ्यावी.

नावातली अक्षरंही बघावीत. कॅननमध्ये आरएफ-एस आणि निकॉनमध्ये डीएक्स म्हणजे क्रॉपसाठीची लेन्स. सोनीत एफई म्हणजे फुल फ्रेमची, नुसतं ई म्हणजे क्रॉपची. सिग्मात डीसी डीएन क्रॉपची, डीजी डीएन फुल फ्रेमची. पुढे फुल फ्रेम बॉडी घ्यायचा विचार पक्का असेल तरच फुल फ्रेमच्या लेन्सवर जादा पैसे घालावेत.

कोणत्या कामाला कोणती लेन्स

*लग्न, हळद, साखरपुडा:* क्रॉप बॉडीवर १७ किंवा १८ पासून ५० पर्यंतची, सगळीकडे एफ २.८ राहणारी झूम सर्वांत कामाची. सिग्माची १८-५० आणि टॅमरॉनची १७-७० याच जातीच्या. तेवढं बजेट नसेल तर दिवसा किट लेन्स आणि संध्याकाळी ३०-३५ ची प्राइम अशी जोडी लावावी. स्टेजवर तीस माणसांचा ग्रुप असेल तेव्हा १६-१८ मिमी लागतेच, म्हणून किट लेन्स विकू नये.

*बैलगाडा शर्यत, कुस्ती, कबड्डी:* घाटात जोडी सुटली की १/१००० च्या आसपास शटर लागतो. दिवसाच्या उन्हात स्वस्तातली ५५-२१० किंवा ५०-२५० झूमही चालते. रात्री दिव्याखालच्या कबड्डीला तीच लेन्स अपुरी पडते.

*पक्षी:* भिगवणजवळ उजनीच्या पाण्यात हिवाळ्यात रोहित येतात, तिथे फोटोसाठी गर्दी होते. अशा कामाला ४०० मिमी आणि पुढचीच लेन्स लागते, आणि ती महाग असते. वर्षातून चार दिवसच जायचं असेल तर ती भाड्याने आणावी. पुण्या-मुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात.

*बातम्या, मुलाखती, यूट्यूब:* यासाठी किट लेन्स पुरते. पैसा माईकवर घालावा.

सेकंडहँड लेन्स घेताना

लेन्सलाही बुरशी लागते. मोबाईलची टॉर्च मागच्या बाजूने मारून समोरून बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा ठिपके दिसले तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. मग आपल्या बॉडीला लावून जवळचा आणि लांबचा फोकस दहा वेळा बघावा, झूमची कडी अडखळते का ते तपासावं, सोन्याच्या बांगडीसारखी माउंटची कडी झिजली आहे का तेही बघावं. नवी घेताना जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी मागावी. बिलाशिवायची लेन्स स्वस्त पडते, पण बिघडली की दारोदार फिरावं लागतं.

बाकीचं सामान

*कार्ड:* व्ही ३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याचा वेग. साध्या फोर के व्हिडिओला तेवढा पुरतो. १०० एमबीपीएसवर फोर के केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड सव्वा तासातच भरत येतं. नकली कार्डं बाजारात भरपूर आहेत. नवं कार्ड घरी पूर्ण भरून, सगळ्या फाईल उघडून बघावं, मगच सुपारीला न्यावं. काही बॉडीत दोन कार्डं बसतात आणि फोटो दोन्हीकडे साठवता येतो. कॅनन आर ७, निकॉन झेड ५, सोनी ए ७ III या त्यातल्या. एकच जागा असेल तर अख्खं लग्न एका कार्डावर काढू नये. हळद एकावर, लग्न दुसऱ्यावर, वरात तिसऱ्यावर. घरी आल्यावर दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसू नये.

*बॅटरी:* मिररलेसचा पडदा आणि सेन्सर सतत चालू राहतो, त्यामुळे बॅटरी डीएसएलआरपेक्षा लवकर संपते. लग्नाला तीन हव्यात. बॉडी यूएसबी-सीवर चार्ज होत असेल तर लाईट गेल्यावर पॉवर बँक कामी येते.

*फ्लॅश:* काही व्हिडिओच्या बॉडींवर फ्लॅश चालतच नाही आणि काहींना वेगळा अॅडॅप्टर लागतो. दुकानात फ्लॅश बसवून, उडवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या स्टुडिओतला रीळच्या काळातला फ्लॅश लावू नये, त्याच्या दाबाने बॉडी जळू शकते. मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडावर फ्लॅश मारून उजेड परतवला की चेहरेही लाल-पिवळे येतात. त्यापेक्षा थर्माकोलची पांढरी शीट बरी.

*एलईडी लाईटच्या पट्ट्या:* आपली वीज ५० हर्ट्झची. स्वस्त एलईडी दिव्यांखाली व्हिडिओत काळे पट्टे धावतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवला तर बहुतेक वेळा ते जातात. फोटो काढताना अशा ठिकाणी सायलेंट शटर बंद ठेवावा.

*फिल्टर आणि हूड:* समोरच्या काचेला साधा यूव्ही फिल्टर लावला की धूळ आणि बोटांचे ठसे त्यावर येतात, लेन्स वाचते. त्याचा आकार लेन्सप्रमाणे बदलतो. कॅनन आरएफ ५० मिमी १.८ ला ४३ मिमी, सोनी एफई ५० मिमी १.८ ला ४९ मिमी, निकॉन झेड ५० मिमी १.८ एसला ६२ मिमी. आपला आकार लेन्सवर Ø या खुणेपुढे लिहिलेला असतो.

*धूळ आणि दमट हवा:* मिररलेसमध्ये आरसा नसतो, त्यामुळे लेन्स काढली की बहुतेक बॉडीत सेन्सर उघडाच पडतो. जेजुरीचा भंडारा किंवा जोतिबाचा गुलाल उधळत असताना लेन्स बदलायचीच नाही. एक लेन्स लावून जावं आणि तीच घेऊन यावं. बदलावीच लागली तर बॉडी बंद करून, तोंड खाली करून बदलावी. सफाईला हाताचा रबरी ब्लोअर वापरावा. तोंडाने फुंकर मारली की थुंकी उडते आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने सेन्सर जाऊ शकतो. पावसाळ्यात लेन्स कपाटातल्या बॅगेत कोंडून ठेवल्या की बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवाव्यात आणि अधूनमधून बाहेर काढून वापराव्यात.

पैशाची वाटणी

समजा हातात एक लाख आहेत. एक लाखाचीच बॉडी घेतली तर पहिल्याच सुपारीला अडचण येते. त्यापेक्षा साठ हजारांच्या आत किट लेन्ससह बॉडी, वीस-पंचवीस हजारांत एक उजेडाची लेन्स आणि उरलेल्यात दोन जादा बॅटऱ्या, तीन खात्रीची कार्डं, साधा फ्लॅश आणि फिल्टर बसवावा. ट्रायपॉड आणि गिंबल पहिल्या सिझनच्या कमाईतून घ्यावेत. भाव सणासुदीला वर-खाली होतात, वाटणी मात्र साधारण हीच ठेवावी.

आणि शेवटची गोष्ट. सामान लग्नाच्या आदल्या दिवशी घेऊ नये. निदान पंधरा दिवस आधी आणावं आणि घरातल्याच एखाद्या बारशाला, वाढदिवसाला रात्रीच्या उजेडात वापरून बघावं. तिथे फोटो बिघडला तर घरचे हसतील आणि सोडून देतील. दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नात बिघडला तर कुणी हसत नाही.