तळटीप : अधिकाऱ्याचे चिलखत

* अधिकाऱ्याचे चिलखत : रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९५९) या कादंबरीत यंत्रचिलखतांचे ३ मुख्य प्रकार येतात : चढाईचे, टेहळणीचे आणि अधिकाऱ्यांचे. अधिकाऱ्यांचे चिलखत वेगवान असते, उंच झेप घेते. संदेशवहनाची व रडारची सामग्री त्यात इतरांच्या तिप्पट असते. सर्वच चिलखतांत मान झटकली की अंधारात पाहण्याची अवरक्त भिंगे कपाळावर सरकतात, पुन्हा झटकली की डोळ्यांवर उतरतात. हात शस्त्रासाठी मोकळेच राहतात. ही चिलखते वापरणाऱ्या दलात अधिकारीही शिपायांबरोबर शत्रूच्या ग्रहावर उतरतो. विखुरलेल्या पलटणीतील प्रत्येक माणसाची खबर त्याला ठेवावी लागते. संदेशवहनाचा व रडारचा हा जास्तीचा सरंजाम त्याच जबाबदारीसाठी आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. — संपादक