शिक्षकांची गुणपत्रिका

औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात सत्र संपत आले की विद्यार्थ्यांपुढे एक तक्ता येतो. शिक्षक वेळेवर येतात का, विषय समजेल असा शिकवतात का, शंकांना उत्तरे देतात का? एक ते पाच यांपैकी आकडा निवडायचा. १९९४ मध्ये ‘नॅक’ची स्थापना झाली आणि तिच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला स्थान मिळाले, त्यामुळे हा तक्ता आपल्याकडे परिचयाचा झाला. त्याचे मूळ मात्र बरेच जुने आहे.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हर्मन रेमर्स यांनी १९२७ च्या सुमारास शिक्षकांच्या मूल्यमापनाची श्रेणी प्रसिद्ध केली. चांगले गुण मिळालेला विद्यार्थी शिक्षकालाही चांगले गुण देतो का, हा प्रश्न त्यांनी १९२८ मध्येच तपासला. म्हणजे या पद्धतीविषयीची शंका तिच्या जन्मापासूनच सोबत आहे. सुरुवातीला हे तक्ते शिक्षकाला स्वतःत सुधारणा करता यावी म्हणून होते. १९६०-७० च्या दशकांत विद्यार्थी चळवळींच्या काळात त्यांचा प्रसार झाला आणि हळूहळू बढती व कायम नेमणूक यांचे निर्णयही त्यांवर होऊ लागले.

याच काळातला एक प्रयोग गाजला. १९७० मध्ये ‘डॉ. मायरन फॉक्स’ या नावाने एका नटाला तज्ज्ञ म्हणून उभे करण्यात आले. त्याचे व्याख्यान रुबाबदार, विनोदी, पण परस्परविरोधी विधानांनी भरलेले आणि आशयशून्य होते. श्रोते वैद्यकीय शिक्षणाशी संबंधित, सुशिक्षित. तरीही त्यांनी उत्तम अभिप्राय दिले. १९७३ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

पुढे मतभेद वाढत गेले. १९८१ मध्ये पीटर कोहेन यांनी अनेक अभ्यास एकत्र करून अभिप्राय व प्रत्यक्ष शिकणे यांत मध्यम संबंध दाखवला. २०१७ मध्ये बॉब उट्ल आणि सहकाऱ्यांनी तेच काम नव्याने केले, तेव्हा तो संबंध जवळजवळ उरला नाही. २०१८ मध्ये कॅनडातील रायरसन विद्यापीठाच्या वादात लवाद विल्यम कॅप्लन यांनी, बढतीसाठी अध्यापनाची परिणामकारकता या आकड्यांवरून मोजू नये, असा निवाडा दिला.

औषधशिक्षणात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. एकच विषय अनेकदा तीन-चार शिक्षक वाटून घेतात; मग सरासरी नेमकी कोणाची? वर्गात साठ जण, त्यांतल्या दहांनीच तक्ता भरला, तर एका रागावलेल्या विद्यार्थ्यानेही आकडा हलतो. मात्रेचे गणित दशांशचिन्हापर्यंत अचूक आल्याशिवाय पुढे न सोडणारे शिक्षक अशा वेळी मागे पडू शकतात. नोकरी त्या आकड्यावर असेल, तर कडकपणा सोडण्याचा मोह कोणालाही होईल.

म्हणून तक्ते फेकून द्यावेत असे नाही. तास होतात का, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो का, शिक्षक अपमान करतात का, हे विद्यार्थ्याइतके कोणी सांगू शकत नाही. शिकवलेले बरोबर आहे का, हे मात्र वर्गात बसून पाहणाऱ्या सहकाऱ्याने आणि विद्यार्थ्याच्या पुढच्या कामानेच ठरावे. चुकलेल्या मात्रेचे औषध ज्याच्या हाती पडते, त्या रुग्णाला हा तक्ता कोणी भरायला देत नाही.